कावीळ झालीय? पण कधीची?

डोळे पिवळे दिसले की घरोघरी एकच शब्द ऐकू येतो, कावीळ. पण ती कुठली आणि कधीची, हे सांगायला रक्ताची योग्य टेस्ट लागते. सणसवाडीतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही शिकलेला हा धडा...

‘ताई, जरा बघ ना, माझे डोळे पिवळे दिसतायत का?’

सोमवारची सकाळ, साडेसहाची वेळ. माझे स्वतःचेच डोळे अजून नीट उघडलेले नाहीत आणि व्हॉट्सॲपवर धाकट्या भावाचा सेल्फी! मागे दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा युनिफॉर्म, वर ट्यूबलाइट आणि डोळे... म्हटलं उजेडाचा दोष असेल. त्याला खिडकीत उभं राहून दुसरा फोटो काढायला लावला. दोष उजेडाचा नव्हता.

भाऊ सणसवाडीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. पुण्याहून नगर रोडला लागलं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आणि मग सणसवाडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्या, त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि त्या खोल्यांत गावोगावची पोरं. आमचे बंधुराज दोन रूममेट्सबरोबर अशाच एका खोलीत राहतात. आठवडाभर ‘कणकण आहे’, ‘चहाचा वाससुद्धा नको वाटतो’ असं फोनवर चाललं होतं. चहाबाज माणसाला चहा नको वाटतोय, इथेच खरं तर आमची ट्यूब पेटायला हवी होती. पण नाइट शिफ्टवर खापर फोडून आम्ही मोकळे झालो होतो.

दहाच्या सुमारास मी पोचले, तेव्हा दारात कॉन्फरन्सच भरली होती. एक रूममेट गाडीवरच्या पाणीपुरीला शिव्या घालत होता, दुसऱ्याचा संशय उसाच्या रसातल्या बर्फावर. घरमालकीणबाईंचा निकाल तयार होता. ‘अगं, पलीकडच्या गावात एक जण माळ देतात. आज गळ्यात घातली की कावीळ उतरते तशी माळ वाढत जाते. आठवड्याभरात बेंबीपर्यंत येते बघ! आणि हळद, तेल एकदम बंद.’

आणि या गर्दीच्या मागे, शेजारच्या दाराला टेकून, एक शब्द न बोलता उभ्या होत्या शेजारच्या वहिनी. सातवा महिना. या तिघा पोरांचे डबे त्याच करून देतात. पाण्याची टाकीही सगळ्यांची एकच.

पॉझिटिव्ह, पण म्हणजे काय?

नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरमध्ये रक्त दिलं. तिथून नमुने पुण्याच्या लॅबला जातात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर हजर. बिलिरुबिन ७.२, एसजीपीटी हजाराच्या वर. आणि खाली एक ओळ, ‘अँटी-एचएव्ही टोटल : रिॲक्टिव्ह.’

‘चला, हिपॅटायटीस ए आहे, कळलं एकदाचं,’ असं म्हणत मी तो रिपोर्ट पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

‘हा रिपोर्ट मला काहीच सांगत नाही. ही टेस्ट केली तर माझीही पॉझिटिव्ह येईल. तुझ्या आईची तर नक्कीच येईल. मला टोटल नको, आयजीएम हवंय. ए चं आणि ई चं, दोन्हीचं. आणि त्याबरोबर हिपॅटायटीस बी आणि पीटी-आयएनआर.’

मी चक्रावले. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह ना? त्यात पुन्हा टोटल काय आणि आयजीएम काय?

परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट

हे प्रकरण मला भावानेच सोपं करून सांगितलं. तेही आडवं पडल्या पडल्या, कंपनीच्या भाषेत.

‘असं समज ताई, कंपनीवर अचानक मोठी ऑर्डर आली. पहिल्या झटक्यात कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेतात. भराभर येतात, काम उरकतात, काही महिन्यांनी गेट पास परत. ते म्हणजे आयजीएम. मग त्याच कामासाठी परमनंट माणसं लागतात. ती रिटायरमेंटपर्यंत हलत नाहीत. ते आयजीजी. आता तू गेटवर उभं राहून फक्त आत माणसं आहेत एवढंच बघितलंस, तर ऑर्डर यावर्षीची की वीस वर्षांपूर्वीची, कसं कळणार?’

कंपनीची उपमा सोडली, तर विज्ञानही हेच सांगतं. हिपॅटायटीस ए चा विषाणू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होतात. त्यातलं आयजीएम लक्षणं दिसायच्या सुमारास, बहुतेकदा त्याच्या पाच ते दहा दिवस आधीच, रक्तात सापडू लागतं आणि साधारण तीन ते सहा महिन्यांत विरून जातं. आयजीजी त्याच्या मागोमाग येतं आणि जन्मभर साथ देतं. ते असेल तर हिपॅटायटीस ए पुन्हा होत नाही. ‘टोटल’ टेस्ट दोघांनाही एकत्रच मोजते. त्यामुळे लहानपणी कधीतरी नकळत हा आजार होऊन गेलेला माणूसही त्यात ‘रिॲक्टिव्ह’ येतो.

म्हणजे भावाचे डोळे आज पिवळे असले, तरी तो ‘टोटल’ पॉझिटिव्ह तिसरी-चौथीतल्या एखाद्या तापाचाही असू शकत होता. आणि आजची कावीळ? ती भलत्याच विषाणूची असू शकत होती. आमच्या डॉक्टरांना हीच भीती होती, आणि ती भावासाठी कमी, शेजारच्या वहिनींसाठी जास्त होती.

कारण दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळी दोन. हिपॅटायटीस ए आणि हिपॅटायटीस ई. दिसायला सख्ख्या बहिणी. तोच ताप, तीच मळमळ, तीच गडद लघवी. धडधाकट तरुण माणूस दोन्हींतून बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण ई गर्भवतीसाठी घातक ठरू शकते. शेवटच्या तिमाहीत ती झाली तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकाच टाकीचं पाणी पिणारी सात महिन्यांची गर्भवती बाई, आणि भिंतीपलीकडे कुठलीशी कावीळ. ही ‘कुठलीशी’ शोधून काढणं किती अर्जंट होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

पिवळ्याचा शोध पिवळ्यानेच

दुसऱ्यांदा रक्त दिलं आणि वाट बघणं सुरू झालं. हातात वेळ होता, म्हणून लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीला फोन लावला. नक्की करतात तरी काय तुम्ही त्या रक्ताचं?

तिने एलायझाची गोष्ट सांगितली. डोळ्यांसमोर एक प्लास्टिकची प्लेट आणा, त्यात छोट्या छोट्या ९६ वाट्या. प्रत्येक वाटीच्या तळाला आधीच असा पदार्थ लावलेला असतो, जो माणसाच्या रक्तातलं आयजीएम तेवढं पकडून ठेवतो. रक्तातला सीरम वाटीत टाकला की सगळ्या प्रकारचं आयजीएम तळाला चिकटतं. बाकीचं सगळं, आयजीजीसकट, धुऊन टाकायचं. मग टाकायचे हिपॅटायटीस ए च्या विषाणूचे मृत अंश. पकडलेल्या आयजीएममध्ये या विषाणूला ओळखणारं कोणी असेल, तर ते त्या अंशाला धरून ठेवतं. नसेल तर पुढच्या धुण्यात सगळं वाहून जातं. शेवटी एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी आणि रंग देणारं द्रावण. विषाणूचा अंश टिकलेला असेल तर वाटी निळी होते, आणि त्यावर आम्ल टाकून प्रक्रिया थांबवली की पिवळी.

‘म्हणजे काविळीचा शोध पिवळ्या रंगानेच लागतो की!’ मी म्हटलं.

‘हो, पण रंग डोळ्यांनी बघून नाही चालत,’ ती म्हणाली. ‘मशीन मोजतं, कट-ऑफशी ताडून बघतं. त्याच्या वर रिॲक्टिव्ह, खाली नॉन-रिॲक्टिव्ह. अगदी सीमेवर आलं तर आम्ही काही दिवसांनी पुन्हा रक्त मागतो. मोठ्या लॅबमध्ये आता रंगाऐवजी प्रकाश मोजणारी मशीन्सही असतात. तत्त्व तेच.’

आणि तिने एक गोष्ट बजावून सांगितली. काहीही त्रास नसताना, नुसतं टेन्शन आलं म्हणून आयजीएम टेस्ट करून घेऊ नका. आजाराची लक्षणंच नसतील, तर कधीकधी ही टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह येऊन घाबरवते. काही जणांत जुनं आयजीएम वर्षभरही रेंगाळतं. नुकतीच लस घेतली असेल तरी ते थोडे दिवस दिसू शकतं. त्यामुळे रिपोर्ट एकटा वाचायचा नाही. लक्षणं आणि एसजीपीटी यांच्या जोडीनेच त्याला अर्थ येतो.

दिल्लीचं रक्त, पुण्याची माणसं

‘नवं आयजीएम की जुनं आयजीजी’ हा प्रश्न फक्त आमच्या खोलीतला नव्हता. या प्रश्नाने अख्ख्या देशाचा काविळीचा इतिहास बदलला आहे, आणि त्या गोष्टीत आपलं पुणंही आहे.

१९५५ च्या शेवटी दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेतल्या पाणीपुरवठ्याच्या ठिकाणी शिरलं होतं. १९५६ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती महिलांना तिचा जास्त फटका बसला, याची नोंदही तेव्हा झाली. पाण्यातून आली म्हणजे हिपॅटायटीस ए, असंच पुढची पंचवीस वर्षं सगळे धरून चालले होते. दुसरं काही म्हणायला टेस्टच नव्हती. हिपॅटायटीस ए चा विषाणूच मुळी १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला.

टेस्ट हातात आल्यावर जुन्या साथीतले साठवलेले रक्ताचे नमुने बाहेर काढले गेले. अमेरिकेतले वाँग आणि पर्सेल, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, म्हणजे आपल्या एनआयव्हीतले, श्रीनिवासन, प्रसाद आणि डॉ. खोरशेद पावरी यांनी ते तपासले. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. दिल्लीच्या रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटीस ए ची जुनी, परमनंट अँटीबॉडी होती. ताजं आयजीएम मात्र नव्हतं. म्हणजे ए त्यांना कधीच होऊन गेला होता. साथ दुसऱ्याच कोणीतरी आणली होती.

तो ‘दुसरा’ १९८३ मध्ये सापडला. मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने चक्क रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन त्याचा माग काढला. (घरी करून बघू नका, हे सांगायला नकोच!) त्यालाच पुढे हिपॅटायटीस ई हे नाव मिळालं. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारो लोकांना झालेली कावीळ हीच होती.

दिल्लीच्या त्या नमुन्यांची नुसती ‘टोटल’ टेस्ट केली असती तर? सगळे पॉझिटिव्ह, फाइल बंद. आमच्या पहिल्या रिपोर्टवर मी नेमकं हेच करायला निघाले होते.

ॲक्वागार्ड पिढीचा प्रॉब्लेम

आता साहजिक प्रश्न. आईची टेस्ट ‘नक्की’ पॉझिटिव्ह येईल, असं डॉक्टर एवढ्या खात्रीने कसं म्हणाले?

कारण तिच्या पिढीत हिपॅटायटीस ए हा बालपणीचा आजार होता, तोही बहुतेकदा न दिसणारा. सहा वर्षांखालच्या मुलांना तो झाला तर सहसा लक्षणंच दिसत नाहीत. कावीळ जेमतेम दहातल्या एकाला होते. विहिरीचं, नदीचं, नळाचं पाणी पीत ही मुलं मोठी झाली आणि नकळत जन्मभराचं संरक्षण घेऊन बसली. मोठेपणी हाच विषाणू गाठतो, तेव्हा मात्र बहुतेकांना चांगलीच कावीळ होते.

एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळात पुणे परिसरातल्या लोकांच्या रक्ताची तुलना केली. त्यात शहरातल्या सुखवस्तू घरांमध्ये ही अँटीबॉडी असलेल्यांचं प्रमाण घटत गेलेलं दिसलं. म्हणजे फिल्टरचं पाणी, स्वच्छ बाथरूम, टापटीप शाळा. पोरं निरोगी वाढली, पण या विषाणूशी त्यांची कधी ओळखच झाली नाही. मग पहिली नोकरी लागते. कॅन्टीन, जारचं पाणी, हायवेवरचा ढाबा, वीकेंडचं लग्न... आणि ओळख होते ती थेट पंचविशीत.

वाचताय ना? हे तुमच्या-माझ्याबद्दल चाललंय!

कॅलेंडर उलटं फिरवताना

गुरुवारी रात्री रिपोर्ट आला. एचएव्ही आयजीएम रिॲक्टिव्ह. एचईव्ही आयजीएम नॉन-रिॲक्टिव्ह. हिपॅटायटीस बी निगेटिव्ह. पीटी नॉर्मल.

भावाला हिपॅटायटीस ए होता. नुकताच झालेला.

मी आधी शेजारचं दार वाजवलं. वहिनींना सांगितलं, ‘ई नाही निघाला.’ त्या खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसले. नवऱ्याने फक्त ‘बरं झालं’ म्हटलं आणि गॅसवर पाणी उकळायला ठेवलं. ते त्यांनी सोमवारपासूनच सुरू केलं होतं. वहिनींच्या डॉक्टरांनाही दुसऱ्या दिवशी सगळं कळवलं.

मग आली रूममेट्सची पाळी. हा विषाणू विष्ठेतून सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे ‘याचं ताट वेगळं करा’ असं ठरेपर्यंत एका ताटात जेवून झालेलं असतं. पण संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो. आणि इथे गंमत बघा, पहिल्यांदा निरुपयोगी ठरलेली ‘टोटल’ टेस्टच कामाला आली! दोघांची केली. एक जण पॉझिटिव्ह, गावच्या विहिरीची कृपा. त्याला काहीच करायची गरज नव्हती. दुसरा निगेटिव्ह. तो त्याच शनिवारी जाऊन लस घेऊन आला. टेस्ट चुकीची नव्हतीच, आम्ही तिला प्रश्न चुकीचा विचारला होता.

बिचारी पाणीपुरीही निर्दोष सुटली. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. म्हणजे गेल्या आठवड्यात काय खाल्लं हा प्रश्नच नव्हता. शोध घ्यायचा तर महिनाभर मागे जायला हवं होतं. भावाने मोबाइलमधले फोटो मागे मागे सरकवत नेले. एका मित्राचं लग्न, एक ढाबा आणि ते दोन दिवस, जेव्हा खोल्यांची टाकी रिकामी पडून टँकर आला होता. यातलं नेमकं काय? आयजीएम ‘कधी’ सांगतं, ‘कुठून’ ते सांगत नाही. पण कॅलेंडर सगळ्यांसमोर मांडल्यावर मालकांनी त्याच रविवारी टाकी धुऊन घेतली आणि पाण्यात क्लोरीन टाकायला सुरुवात केली. याआधी तीन वेळा सांगून झालं नव्हतं, ते एका कागदाने झालं.

रिपोर्ट हातात आला की...

• आधी नाव वाचा. ‘टोटल’ किंवा ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी झालेला आजार किंवा घेतलेली लस. लक्षणं असताना ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह म्हणजे नुकताच झालेला.

• कावीळ दिसली तर ए बरोबर ई आणि बी चीही तपासणी डॉक्टरांना विचारा. घरात किंवा शेजारी गर्भवती असेल तर नक्कीच.

• यकृत कितपत काम करतंय हे फक्त बिलिरुबिनवरून कळत नाही. पीटी-आयएनआर महत्त्वाचं.

• ए वर खास औषध नाही. विश्रांती, पुरेसं पाणी, साधं जेवण. दारू बंद. तापावरची साधी गोळीही डॉक्टरांना विचारूनच.

• गुंगी, असंबद्ध बोलणं, कुठूनही रक्त येणं, उलट्या न थांबणं, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल गाठा.

• सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी. प्यायचं पाणी उकळलेलं.

• लस उपलब्ध आहे, मोठ्यांसाठीही. हॉस्टेलला किंवा बाहेरगावी नोकरीला निघण्याआधी घेतलेली उत्तम.

आणि हो, माळ! मालकीणबाईंनी ती आणलीच. भावानेही त्यांचं मन मोडलं नाही, गळ्यात घालून घेतली. आठवड्याभरात ती खरंच छातीवरून पोटापर्यंत आली. वाळलेल्या काड्या आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते, एवढंच. तोवर एसजीपीटीही निम्म्यावर आलं होतं. हिपॅटायटीस ए बहुतेकदा आपला आपण बरा होतो, त्याचं क्रेडिट तेव्हा जे काही गळ्यात असेल ते घेऊन जातं. मात्र शेजारच्या वहिनींना धोका आहे की नाही, हे त्या माळेने कधीच सांगितलं नसतं.

महिन्याभराने भाऊ पुन्हा कामावर रुजू झाला. माळ खिळ्याला अजून लटकतेय. दोन महिन्यांनी शेजारी पेढे वाटले गेले, मुलगी झाली. बारशाला गेले तेव्हा कोपऱ्यात पाण्याचं पातेलं गॅसवर रटरटत होतं, आणि भाऊ हातात कप घेऊन माझ्याकडे बघत होता.

‘ताई, चहा घेणार?’